चौघांची चौकट

टोकियोला सूमोची स्पर्धा बघून आलेल्या पाहुण्यांना कसं वाटलं म्हणून विचारलं, तर निम्मे जण म्हणतात, "मस्त होतं, पण फार पटकन संपलं हो." ही मंडळी दुपारी चारला पोहोचलेली असतात, साडेचारला त्यांना आपली जागा सापडते आणि सहाला ती बाहेर असतात. मधल्या वेळात त्यांनी वीसेक कुस्त्या पाहिल्या, त्यातली प्रत्येक पाच-दहा सेकंदांची. म्हणजे सगळी मिळून दोन-तीन मिनिटांची करमणूक, आणि तिकीट तर चांगलंच महाग.

मी निशिकासाईला राहतो. टोकियोच्या या भागात मराठी माणूस शोधावा लागत नाही, आणि त्यामुळे पाहुणेही बारमाही. त्यांना सूमोला नेऊन नेऊन मला एक गोष्ट पटली आहे. सूमो बघायला जायचं तर कुस्तीसाठी जाऊ नये, दोन कुस्त्यांमधल्या वेळासाठी जावं. आणि तो वेळ एकट्याने काढायचा नसतो, म्हणून बरोबर मित्र हवेत. चौघं असतील तर उत्तम. का, ते पुढे येईलच.

आधी तारखांचा हिशेब. मोठ्या स्पर्धा वर्षातून सहा. जानेवारी, मे आणि सप्टेंबरच्या टोकियोत, मार्चची ओसाकात, जुलैची नागोयात आणि नोव्हेंबरची फुकुओकात. प्रत्येक स्पर्धा पंधरा दिवसांची, रविवारी सुरू होऊन रविवारी संपणारी. म्हणजे जपानची सहल एप्रिलमध्ये, चेरीच्या फुलांसाठी आखली असेल, तर मोठी स्पर्धा मिळणार नाही. त्या महिन्यात पैलवान गावोगाव दौऱ्यावर असतात. तिथल्या लढती मोजणीत धरत नाहीत, मधूनमधून विनोदी कुस्तीही करून दाखवतात. पोराबाळांना ते जास्त आवडतं, पण त्याला जत्रेची मजा आहे, स्पर्धेची नाही.

पंधरातला दिवस कोणता घ्यावा? शेवटचे तीन दिवस सगळ्यांनाच हवे असतात, कारण विजेतेपद तिथं ठरतं. माझा सल्ला उलटा आहे. पहिल्या आठवड्यातला मंगळवार-बुधवार बघा. तिकीट मिळण्याची शक्यता त्यातल्या त्यात बरी. शिवाय पहिल्या आठवड्यात सर्वांत वरच्या पैलवानांना मधल्या फळीतल्यांशी लढावं लागतं, त्यामुळे एखादा धक्कादायक निकाल लागला तर तो याच दिवसांत. मधल्या फळीतल्या पैलवानाने योकोझुनाला, म्हणजे शेंड्यावरच्या पैलवानाला, पाडलं, की प्रेक्षक बसायच्या गाद्या आखाड्याकडे भिरकावतात. तसं करू नका म्हणून ध्वनिक्षेपकावरून बजावतात, तरी गाद्या उडतातच. तुम्ही मात्र आपली गादी धरून ठेवा. परदेशी पाहुण्याने यजमानांच्या घरातला नियम पहिल्याच भेटीत मोडू नये.

तिकिटं साधारण महिनाभर आधी विक्रीला येतात आणि हल्ली लवकर संपतात. २०२५ मध्ये होशोर्‍यू आणि ओनोसातो असे दोन नवे योकोझुना झाल्यापासून तर गर्दी आणखी वाढली आहे. विक्री सुरू व्हायची तारीख आणि वेळ सूमो संघटनेच्या संकेतस्थळावर बघा, ती भारतीय वेळेत करून घ्या (साडेतीन तास वजा) आणि त्या वेळी चौघांपैकी दोघांनी तरी संगणकासमोर बसा. हुकलंच, तर चढ्या भावाने विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. तिकिटांचा काळाबाजार २०१९ पासून जपानमध्ये कायद्याने गुन्हा आहे, आणि दारावर अडवलं तर वाद घालायला लागणारं जपानी आपल्याकडे नसतं.

आता बसायच्या जागा. अगदी आखाड्याला लागून गाद्यांच्या रांगा असतात. तिथं खाणंपिणं नाही, फोटो नाहीत आणि लहान मुलांनाही मनाई. वर दीडशे किलोचा माणूस अंगावर येऊन पडण्याची शक्यता. हौशी लोकांना तेच हवं असतं, पण मित्रांबरोबर जाणाऱ्यांनी तिथं जाऊ नये, कारण गप्पा मारता येत नाहीत. वरच्या मजल्यावर साध्या खुर्च्या आहेत. त्या स्वस्त, दिसतंही बरं. आणि या दोहोंच्या मधे आहे ती मासु, म्हणजे चौकट. लोखंडी नळ्यांनी आखलेला, सुमारे १.३ मीटर लांबीरुंदीचा चौकोन, त्यात चार गाद्या. बूट काढून आत जायचं आणि मांडी घालायची. बहुतेक चौकटी अख्ख्याच विकल्या जातात. दोघंच गेलात तरी चौघांचे पैसे. म्हणून म्हटलं, चौघं असावेत.

चौघांनी एकदा घरी पट्टी घेऊन जमिनीवर तेवढा चौकोन आखून बसून बघावं. मांडी घालण्याची आपल्याला सवय आहे, युरोपातल्या पाहुण्यांसारखे आपण अर्ध्या तासात कण्हायला लागत नाही. पण पंगतीत मांडीला मांडी लावून बसणं वेगळं आणि पाच तास दुसऱ्याचा गुडघा आपल्या बरगडीत घेऊन बसणं वेगळं. चौघांत एखादा आडव्या बांध्याचा असेल तर तिघांनीच चौकट घ्यावी आणि चौथ्या जागेचे पैसे हसत वाटून घ्यावेत. ज्याचे गुडघे दुखतात त्याला मुळीच भरीला घालू नका. सगळ्यांनी मिळून खुर्च्या घ्या. मैत्रीपुढे चौकट मोठी नाही. कपडे सैल घाला, बूट चटकन निघणारे असावेत आणि मोज्यांना भोक नसावं. शेवटची सूचना विनोद वाटेल, पण चौकटीत आपले पाय शेजारच्या चौकटीतल्या आजीबाईंच्या डब्यापासून वीतभर अंतरावर असतात.

टोकियोतलं सूमोचं घर म्हणजे र्‍योगोकू भागातलं कोकुगिकान. आताची इमारत १९८५ ची, सुमारे अकरा हजार लोक बसतील एवढी. जेआर सोबू मार्गावर र्‍योगोकू स्थानकातून पश्चिमेच्या दाराने बाहेर आलात की समोर रंगीत निशाणं फडकताना दिसतात, एकेका पैलवानाच्या नावाची. निशिकासाईहून येणाऱ्यांनी तोझाई मार्गाने मोन्झेन-नाकाचोला यावं आणि तिथून ओएदो मार्ग धरावा. वेळ हाताशी असेल तर मोन्झेन-नाकाचोला बाहेर पडा. तिथल्या तोमिओका हाचिमान देवस्थानाच्या आवारात १६८४ मध्ये परवानगीने सूमोचे फड भरू लागले, आणि आजही तिथं योकोझुनांची नावं कोरलेली भलीमोठी शिळा उभी आहे. दहा मिनिटांचं काम आहे, आणि गर्दी नसते.

कोकुगिकानात दारं सकाळी उघडतात आणि साडेआठच्या सुमारास अगदी तळाच्या पोरांच्या लढती सुरू होतात. तेव्हा यायची गरज नाही, पण साडेबारा-एकपर्यंत या. अर्धं सभागृह रिकामं असतं. हाक मारली तर आखाड्यापर्यंत ऐकू जाते. तळाचे पैलवान काळा सुती लंगोट बांधून येतात, दोन मिनिटांच्या आत भिडतात, वाकून निघून जातात. मिठाची मूठ त्यांच्या वाट्याला सहसा येत नाही. पगारही नसतो, थोडाफार भत्ता आणि वस्तादाच्या घरी जेवणखाण. अगदी खालच्या दोन पातळ्यांवरच्या पोरांना जानेवारीच्या थंडीतही युकातावर, म्हणजे पातळ सुती किमोनोवर, भागवावं लागतं. हे बघून घेतलं, की दोन तासांनी रेशमी लंगोट बांधून येणाऱ्यांकडे बघायची नजरच बदलते.

इथं उतरंड नीट समजून घ्या, कारण सगळा खेळ तिच्यावर चालतो. सहा पातळ्या आहेत. वरच्या दोन पातळ्यांतले मिळून जेमतेम सत्तर पैलवान, तेच पगारदार. ते पंधराही दिवस रोज एकदा लढतात, खालचे पंधरा दिवसांत सातदा. सर्वांत वरच्या पातळीत बेचाळीस जण असतात आणि त्यांच्यातही क्रम आहे. खाली माएगाशिरा, मग कोमुसुबी, सेकिवाके, ओझेकी आणि शेंड्यावर योकोझुना. पंधरापैकी आठ जिंकले की वर सरकायचं, आठ हरले की खाली. म्हणून शेवटच्या दिवशी सात विजय आणि सात पराभव अशा काठावरच्या पैलवानाची लढत विजेतेपदाच्या लढतीइतकीच बघण्यासारखी असते. योकोझुनाला मात्र खाली सरकण्याची सोय नाही. कामगिरी घसरली की निवृत्तीच.

काठावरच्या या हिशेबाने सूमोला एकदा बुडवायचंच बाकी ठेवलं होतं. पैलवानांच्या भ्रमणध्वनीवरच्या निरोपांतून लढती ठरवून केल्याचं उघड झालं आणि २०११ ची मार्चची अख्खी स्पर्धा रद्द करावी लागली. आपल्याकडे त्याला नुरा कुस्ती म्हणतात. शब्द आपल्याकडे तयार आहे, म्हणजे अनुभवही असणारच.

दोनच्या पुढे, विशीतल्या पोरांच्या कुस्त्या चालू असताना, चौघांपैकी दोघांनी बाहेर येऊन दक्षिणेच्या दारापाशी थांबावं. पगारदार पैलवान याच सुमारास आत येतात आणि लोक त्यांच्या वाटेवर दुतर्फा उभे असतात. पैलवान शेजारून गेला की एक गोडसर वास येतो. तो केसांना लावायच्या मेणासारख्या सुगंधी तेलाचा. त्या वासाची सवय झाली की र्‍योगोकूच्या गाडीत डोळे मिटूनही कळतं डब्यात कोण चढलं ते. फोटो घ्या, पण वाट अडवू नका आणि खांद्यावर हात टाकायला जाऊ नका. माणूस कामावर चालला आहे.

अडीचच्या आसपास दुसऱ्या पातळीचे आणि पावणेचारच्या सुमारास पहिल्या पातळीचे पैलवान भरजरी झुली लावून आखाड्यावर रिंगण धरतात. मग एकेक योकोझुना पांढरा जाड दोर कमरेला बांधून येतो आणि शड्डू ठोकण्याऐवजी पाय उंच उचलून जमिनीवर आपटतो. त्या प्रत्येक आपटण्यावर सभागृह एका सुरात ओरडतं. पहिल्यांदा लाज वाटते, तिसऱ्यांदा तुम्हीही ओरडता.

आता तो मधला वेळ. वरच्या पातळीत दोन पैलवान आखाड्यावर चढल्यापासून भिडेपर्यंत चार मिनिटांची मुभा असते. या चार मिनिटांत ते पाण्याने चूळ भरतात, मीठ उधळतात, समोरासमोर बसून एकमेकांकडे टक लावतात, उठतात, परत कोपऱ्यात जातात, परत मीठ. नवखा माणूस इथं भ्रमणध्वनी काढतो. तसं करू नका. चुळीचं पाणी कोण देतो ते बघा. आधीच्या लढतीत त्या बाजूचा जिंकलेला पैलवान थांबून पुढच्याला देतो. हरलेला देत नाही, त्याचा पायगुण नको. मीठ कोण मूठभर आभाळात उडवतो आणि कोण चिमूटभर टाकून मोकळा होतो, ते बघा. परतताना कुणाच्या पाठीवर लाली चढली आहे, कोण डोळे चुकवतो आहे. तिसऱ्या-चौथ्या फेरीला टॉवेल हातात येतो, तो जोरात तोंडावर फिरवला जातो, आणि सभागृहाचा आवाज चढतो. वेळ संपल्याची ती खूण.

सुरुवातीची शिट्टी नसते. पंच हुकूम देत नाही. दोघांचे हात जमिनीला टेकले की कुस्ती लागली. दोन माणसांनी न बोलता एकाच क्षणी सुरू करायचं ठरवणं, ही साऱ्या सूमोतली मला सर्वांत आवडती गोष्ट आहे. पुढचं सोपं आहे. ४.५५ मीटर व्यासाच्या वर्तुळाबाहेर जो आधी जाईल किंवा तळपायाखेरीज अंगाचा कुठलाही भाग ज्याचा आधी जमिनीला लागेल, तो हरला. चितपट करण्याची अट नाही. वजनी गटही नाहीत, त्यामुळे शंभर किलोचा चपळ गडी पावणेदोनशे किलोच्या डोंगराला बगल देऊन पाडतो तेव्हा सभागृह डोक्यावर घेतलं जातं. नोंदीत ८२ डाव आहेत, पण बघताना दोन ओळखता आले तरी पुरे. लंगोटाला धरून बाहेर काढणं म्हणजे योरिकिरी, तळहातांनी रेटत बाहेर काढणं म्हणजे ओशिदाशी. जवळपास निम्मी गोष्ट तेवढ्यातच उरकते.

हा मधला वेळ मित्रांबरोबर कसा घालवायचा, याचा आमचा एक खेळ आहे. दाराशी दिवसाच्या जोड्यांचा कागद मिळतो. योबिदाशी, म्हणजे पुकारा करणारा, पंखा उघडून लांबलचक सुरात दोघांची नावं पुकारतो, तेवढ्या वेळात प्रत्येकाने पूर्वेच्या बाजूचा जिंकेल की पश्चिमेच्या ते सांगायचं आणि कागदावर खूण करायची. पैशांवर खेळायचं नाही, जपानमध्ये ते बेकायदा आहे. दिवसअखेर ज्याचे अंदाज सर्वांत जास्त चुकले तो रात्रीच्या जेवणाचं बघेल, एवढंच. कुस्तीतलं ज्याला सगळं कळतं असा मित्र बहुतेक वेळा शेवटचा येतो.

कोल्हापूरचं खासबाग मैदान पाहिलेल्यांना इथं काही खुणा ओळखीच्या वाटतील. आखाडा मातीचाच आहे, आणि दर स्पर्धेला तो नव्याने हाताने बांधतात. आदल्या दिवशी पूजा होऊन मध्यभागी मीठ, धुतलेले तांदूळ, वाळवलेलं चेस्टनट आणि समुद्रातली वनस्पती पुरतात. फरक एवढाच, की आपला हौदा खोल असतो आणि त्यांचा आखाडा चबुतऱ्यासारखा वर उचललेला, म्हणून पडणारा दोन फूट खालीही पडतो. मोठ्या लढतीआधी पुरस्कर्त्यांची निशाणं आखाड्याभोवती फिरवतात आणि जिंकणारा बसून, हाताने हवेत तीन काप मारून इनामाची पाकिटं उचलतो. यात्रेच्या फडात नाव पुकारून इनाम लावणाऱ्यांची आठवण हमखास होते.

पंच भरजरी पोशाखात असतो. सर्वांत वरिष्ठ पंचाच्या कमरेला कट्यार असते, निकाल चुकला तर पोटात खुपसून घेण्याची तयारी म्हणून. आता चुकलं तर तो राजीनामा देऊ करतो, एवढंच. आखाड्याभोवती काळ्या पोशाखातले पाच परीक्षक बसतात आणि शंका आली की वर चढून खल करतात. चित्रफितीची मदत सूमोने १९६९ मध्येच घेतली. क्रिकेटमध्ये तिसऱ्या पंचाने पहिला बळी दिला तो १९९२ मध्ये, दरबानला, आपल्या सचिनचा. सूमोला जुनाट म्हणणाऱ्या मित्राला हे ऐकवायला ठेवा.

जुनाटपणाचा आरोप एका बाबतीत मात्र खोडता येत नाही. या मातीवर बाईला पाय ठेवू देत नाहीत. २०१८ मध्ये माइझुरूला आखाड्यावर भाषण करताना महापौर कोसळले, धावून गेलेल्या महिलांनी उपचार सुरू केले आणि ध्वनिक्षेपकावरून त्यांनाच खाली उतरायला सांगण्यात आलं. संघटनेने नंतर माफी मागितली, नियम तसाच आहे. मैत्रिणी बरोबर असतील तर हे आधीच सांगून ठेवा. प्रेक्षकांत बायका भरपूर असतात, आणि ओरडण्यात पुढे असतात.

खाण्याचं बोलायचं तर कोकुगिकानची याकितोरी, म्हणजे काडीला लावून भाजलेली कोंबडी, तळघरातच बनते आणि गारच खातात. तीच हवी, नाहीतर मग चांको, पैलवानांच्या खुराकातला रस्सा. स्पर्धेच्या दिवसांत तिथं वाटीने मिळतो. त्यात कोंबडी का? दोन पायांवर उभी राहते म्हणून. चार पाय टेकले म्हणजे हरला. शाकाहारी मंडळींनी आत काही मिळेल या आशेवर राहू नये. भाजी दिसली तरी पाण्यात मासा शिजलेला असतो. भरपेट जेवून निघा, आणि बाहेरचं काय आत चालतं ते तिकिटावरच्या सूचनांत वाचून घ्या.

सहाच्या सुमारास शेवटची लढत होते आणि लोक लगोलग उठतात. तुम्ही बसा. एक पैलवान धनुष्य घेऊन आखाड्यावर येतो आणि ते चक्राकार फिरवतो. दोन मिनिटांचं काम, पण गर्दी पुढे निघून जाते आणि आखडलेले पाय मोकळे करायला वेळ मिळतो. बाहेर आलात की मनोऱ्यावरून ढोल ऐकू येतो. उद्या परत या, असं तो सांगतो म्हणतात. शेवटच्या दिवशी तो वाजवत नाहीत, कारण उद्या काही नसतं. त्या दिवशी गेलात तर मात्र अर्धा तास आधीचं वेळापत्रक धरा, बक्षीस समारंभाला वेळ लागतो. मग स्थानकाकडे न वळता मागच्या गल्ल्यांतून चालत सुमिदा नदीपर्यंत जा. तोपर्यंत कागदावरच्या खुणा मोजून झालेल्या असतात आणि जेवण कुणाकडून हे ठरलेलं असतं.